पानावर फक्त ‘सध्या बंद’

ज्ञानेश्वर देवस्थळींनी आजवर किती संकेतस्थळं यादीतून काढली, ते त्यांना सांगता येणार नाही. त्यापायी खाल्लेल्या शिव्या मात्र आठवतात. नाशिकच्या एका कवीने त्यांना ‘मराठीचा मारेकरी’ म्हटलं होतं. दुबईच्या एका मसालेवाल्याने ‘किती घेता ते सरळ सांगा’ असं विचारलं होतं. कवीने संकेतस्थळाच्या पत्त्याचं नूतनीकरण केलं नव्हतं आणि त्याच्या कवितांच्या जागी कोणीतरी जुगाराचा अड्डा थाटला होता. मसालेवाल्याने एकच दुकान पाच वेगवेगळ्या नावांनी पाच सदरांत घुसवलं होतं.

देवस्थळी सिंगापुरात सेम्बावांगला राहतात. तरुणपणी मुंबईहून इथल्या एका जहाजदुरुस्तीच्या कंपनीत संगणक विभागात आले आणि तिथूनच निवृत्त झाले. आता ते ‘वाटाड्या’चे संपादक आहेत, बिनपगारी. ‘वाटाड्या’ ही मराठी संकेतस्थळांची सूची. तिच्यात यंत्राने आपोआप उचललेलं काही नसतं. कोणीतरी माणूस प्रत्येक संकेतस्थळ उघडतो, वाचतो, चार ओळींत त्याची माहिती लिहितो आणि मगच ते योग्य सदरात जातं. शोधयंत्राला ‘सिंगापूर मराठी पूजा’ असं विचारलं की आधी जाहिराती येतात, मग वधूवर मंडळं. त्यामुळे पुण्यामुंबईहून नव्याने आलेली घरं इथे मराठी वर्ग शोधायचा असो की पुरोहित, आधी ‘वाटाड्या’ उघडतात. त्यातलं प्रत्येक पान कोणीतरी पाहिलेलं असतं, एवढाच त्यांचा भरवसा.

हा भरवसा टिकवायचा तर झाडू हातात घ्यावा लागतो, असं देवस्थळींचं म्हणणं. संकेतस्थळ मेलेलं असतं, किंवा जिवंत असून भलत्याच माणसाच्या हातात गेलेलं असतं. पाककृतींचं म्हणून घेतलेलं वर्षभरात नुसत्या जाहिरातींचं होतं. कुणी दुसऱ्याचे लेख उचलून आपल्या नावावर चिकटवतं. आणि सगळ्यांत जास्त असतात ती अर्धवट सोडलेली. ‘लवकरच येत आहोत’ अशी पाटी लावून मालक नोकरी बदलतो, गाव बदलतो, विसरून जातो.

ही साफसफाई देवस्थळी चातुर्मासात करतात. आषाढी एकादशीला सुरुवात, रोज सकाळी अंघोळीनंतर ठरावीक सदर. बायको वसुधाताईंनी त्यावरून त्यांना सोडलेलं नाही.

“लोक चातुर्मासात कांदालसूण सोडतात,” त्या पाहुण्यांना सांगतात, “आमच्याकडे हे लोकांना सोडतात.”

यंदा श्रावणात ‘पूजाविधी’ हे सदर आलं. त्यात ‘घरची पूजा’ नावाचं एक संकेतस्थळ होतं. ते उघडलं तर पांढरं पान आणि मधोमध दोनच शब्द : ‘सध्या बंद’. कधीपर्यंत, का, काहीच नाही. देवस्थळींचा नियम असा की एकदा बंद दिसलं तर आठवडाभराने पुन्हा पाहायचं. त्यांनी पाहिलं. पान तसंच होतं. त्यांनी नोंद काढली, कारणाच्या रकान्यात ‘मजकूर नाही’ असं लिहिलं आणि चहा मागितला. तो रकाना फक्त संपादकांना दिसतो. कारण जाहीर केलं की भांडणं वाढतात, हा त्यांचा अनुभव होता.

गणेश चतुर्थीच्या आधीच्या रविवारी दोघं लिटिल इंडियात गेले. वसुधाताईंना केवड्याचं पान आणि ताजी सुपारी हवी होती. खरेदी आटोपून ते हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या ठेल्यांच्या मंडईत, कोपी म्हणजे इथली कॉफी पीत बसले, तोच एक पस्तिशीची बाई समोर येऊन उभी राहिली. बरोबर शाळकरी मुलगी, दोघींच्या हातांत दूर्वांच्या जुड्या.

“तुम्हीच ना वाटाड्याचे देवस्थळीकाका?”

“हो. आपण?”

“मी कस्तुरी आगाशे. ‘घरची पूजा’ माझी साइट. म्हणजे होती.”

मुलगी आईच्या दंडाला टेकून इथल्या शाळेतल्या इंग्रजीत म्हणाली, “आई, हेच अंकल ना? ही डिलीट यू ऑलरेडी लाह.”

“आर्या, गप्प बस.”

वसुधाताईंनी पिशव्या बाजूला सारून दोघींना जागा करून दिली. कस्तुरी बसली, पण खुर्चीच्या कडेवर. तिने जे सांगितलं ते थोडक्यात असं. लग्नाआधी पुण्यात ती पौरोहित्य शिकली होती. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आली. ज्यांना गुरुजी मिळत नाहीत त्यांना घरच्या घरी पूजा करता यावी म्हणून तिने स्वतःच्या आवाजात सगळे विधी ध्वनिमुद्रित केले. कुठल्या मंत्राला काय हातात घ्यायचं, कुठे थांबायचं, सगळं सोप्या मराठीत. दक्षिणा घेत नसे. घरोघरी बोलावणी यायला लागली होती. आणि यंदा प्रथमच बुकित तिमाहच्या एका कॉन्डोतल्या सामाईक गणपतीची प्राणप्रतिष्ठा तिने करावी असं घाटत होतं.

“तिथे सगळे तयार नव्हतेच. बाई पूजा सांगणार म्हणून दोघातिघांची तोंडं वाकडी होती. तिथल्याच विनीताताईंनी त्यांची समजूत घातली होती. आणि मग त्यांचेच यजमान, प्रबोधदादा म्हणाले, अहो, वाटाड्याने यांना काढून टाकलंय, काहीतरी असणार. झालं. ज्यांना नकोच होतं त्यांना आयतं मिळालं.”

“पण तुमचं पान रिकामं होतं,” देवस्थळी म्हणाले. “मी दोनदा पाहिलं.”

“सुतक होतं, काका.”

देवस्थळींनी कप खाली ठेवला.

“सांगलीला आमचे चुलत सासरे गेले. सुतकात मी मंत्र म्हणत नाही. मग माझा आवाज तरी लोकांच्या देवघरात कसा जाऊ द्यायचा? म्हणून बंद ठेवलं. दहा दिवस झाले, शुद्ध झालो, पुन्हा चालू केलं.”

“चुलत सासऱ्यांचं सुतक! इथे!” वसुधाताईंच्या तोंडून निघून गेलं.

“पाळते मी.”

“मग तसं लिहायचं ना पानावर,” देवस्थळी म्हणाले. “सुतकामुळे बंद, अमुक तारखेला सुरू. माझं काम झालं असतं.”

“कोणी बारशाची पूजा बघायला साइट उघडली आणि समोर सुतक? कसं वाटेल?” ती थोडी पुढे झुकली. “काका, कुलूप दिसलं म्हणून दुकान मोडीत काढतात का? शेजारी विचारतात ना, कुठे गेले म्हणून?”

देवस्थळींनी मनात तारखा मोजल्या. दोन्ही वेळच्या तपासण्या नेमक्या त्या दहा दिवसांत पडल्या होत्या आणि नोंद काढल्यावर पुन्हा वळून पाहण्याचा नियम ‘वाटाड्या’त नव्हता. संकेतस्थळावर तिचा फोन नंबर होता, तो पान बंद असताना दिसत नव्हता. पण नोंद घेताना देवस्थळींनी तो स्वतः टिपून ठेवलेला होता. फोन करावा असं त्यांच्या मनात आलं नव्हतं, इतकंच.

“आजच परत घालतो,” असं ते म्हणणार होते, पण म्हणता आलं नाही. ज्याने काढलं त्याने परत घालायचं नाही, हा नियम त्यांनीच केला होता. पूर्वी एक संपादक आपल्या मेहुण्याचं संकेतस्थळ दर भांडणाला काढायचा आणि समेट झाला की घालायचा. परत घेण्याचा अधिकार दुसऱ्या संपादकाचा, म्हणजे मैत्रेयीचा. ती इथल्या विद्यापीठात संशोधन करते आणि त्या आठवड्यात परिषदेसाठी परदेशी होती.

“प्रबोध ओळखीचा आहे. मी त्याला भेटतो,” ते म्हणाले.

“भेटा. पण सुतकाचं बोलू नका. त्यांच्याकडे गणपती यायचाय.”

त्याच संध्याकाळी देवस्थळी बुकित तिमाहला गेले. प्रबोध चाळिशीचा, एका मोठ्या कंपनीत मॅनेजर. त्याने त्यांना अदबीने सोफ्यावर बसवलं. विनीताने आल्याआल्या लाडू ठेवला.

“कस्तुरी आगाशेंची नोंद काढली ती माझी चूक होती,” देवस्थळी प्रस्तावना न करता म्हणाले. “तिच्या कामात काही खोट नाही.”

“मग साइट बंद का होती?”

“घरचं कारण होतं.”

“कसलं?”

“ते मला सांगता येणार नाही.”

प्रबोध हसला, पण फार नाही. “काका, वाईट वाटून घेऊ नका. काढता तेव्हा कारण सांगत नाही, परत घेता तेव्हाही सांगत नाही. आम्ही काय समजायचं? मी तर तुमच्याच यादीवर विश्वास ठेवला ना!”

देवस्थळींना हे झोंबलं, कारण त्यात खोटं काही नव्हतं. यादीत असणं म्हणजे चांगलं, हे त्यांनीच वर्षानुवर्षं लोकांच्या मनात रुजवलं होतं. मग यादीतून जाणं म्हणजे वाईट, हे लोकांनी आपलं आपण जोडून घेतलं. जुगारवाला आणि सुतकातली बाई, दोघं बाहेर पडली ती एकाच दाराने, आणि दारावर काही लिहिलेलं नव्हतं.

“एका गुरुजींना मी शब्द दिलाय,” प्रबोध म्हणाला. “चतुर्थीला आता तेच येणार. मला फिरवता येणार नाही.”

“मग पाचव्या दिवशीची उत्तरपूजा?” विनीता स्वयंपाकघरातूनच म्हणाली. “गुरुजींना त्या दिवशी वेळ नाही, असं तूच म्हणालास. तू पुस्तक बघून करणार होतास ना? गेल्या वर्षी आरतीत अडखळलास ते सगळ्या कॉन्डोने ऐकलं.”

प्रबोधने देवस्थळींकडे पाहिलं. देवस्थळींनी लाडवाकडे पाहिलं.

“बरं,” प्रबोध म्हणाला. “विचारा त्यांना.”

कस्तुरीला हे सांगताना देवस्थळींना संकोच वाटला. मागितली होती प्राणप्रतिष्ठा आणि हाती आलं होतं विसर्जन. ती मग म्हणाली, “चालेल. पाठवणीलाही माणूस लागतोच.”

मैत्रेयी परत आली. तिने ‘घरची पूजा’ उघडून सगळे विधी ऐकले आणि नोंद पुन्हा घातली. देवस्थळींनी तिच्या संमतीने नोंदीखाली एक ओळ जाहीरपणे लिहिली : ‘ही नोंद मध्यंतरी चुकून काढली गेली होती. चूक संपादकाची, संकेतस्थळाची नव्हे. — ज्ञा. देवस्थळी.’ ‘वाटाड्या’त अशी ओळ प्रथमच उमटली होती.

पाचव्या दिवशी कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये मोठ्या प्लास्टिकच्या टबात पाणी भरून ठेवलं होतं. पोहण्याच्या तलावाकडे मूर्ती घेऊन फिरकायचंही नाही, असं मॅनेजमेंटने बजावलं होतं. मागे देवस्थळी दाम्पत्य उभं होतं. तोंड वाकडं करणाऱ्यांपैकी एक गृहस्थ हाताची घडी घालून खांबाला टेकले होते.

कस्तुरीने घाई केली नाही. कशानंतर काय, हे ती आधी मराठीत सांगायची, मग मंत्र. दहीपोह्यांची शिदोरी ठेववून घेतली. अक्षता वाहिल्या. मग म्हणाली, “आता आपण देवाला जायला सांगतो आहोत. पण त्याच मंत्रात परत येण्याचं निमंत्रण आहे. ते दिल्याशिवाय मूर्ती हलवायची नाही.” तिने मंत्र म्हटला आणि प्रबोधच्या हाताने मूर्ती जराशी सरकवली. खांबाला टेकलेल्या गृहस्थांनी घडी सोडून हात जोडले.

विनीताने तिच्या ओटीत नारळ घातला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “पुढच्या वर्षी आणायलाही तुम्हीच.” प्रबोध टबापाशी वाकला होता. त्याने नाही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून देवस्थळी नेमाला बसले. ‘शेती व बागकाम’ हे सदर होतं. गच्चीवरच्या भाजीपाल्याचं एक संकेतस्थळ उघडेना. मागच्या आठवड्यातही उघडलं नव्हतं. हात सवयीने काढण्याच्या बटणाकडे गेला. मग त्यांनी जुनी टिपणं चाळली, नंबर शोधला आणि भारतातली वेळ पाहून दुपारी फोन लावला.

“नमस्कार, सिंगापूरहून देवस्थळी बोलतोय. तुमचं संकेतस्थळ बंद दिसतंय. सगळं ठीक आहे ना घरी?”

“कसलं संकेतस्थळ?” एक पुरुषी आवाज म्हणाला. “अच्छा, ते भाजीचं? अहो, ती गच्ची कधीच विकली. मी आता टूर कंपनी काढलीय. युरोप करायचंय का तुम्हाला?”

“नको,” देवस्थळी म्हणाले. “मग काढू ना नोंद?”

“काढा की. पुन्हा भाजी लावली तर कळवतो.”

“जरूर कळवा,” ते म्हणाले, नोंद काढली, आणि वसुधाताईंकडे चहा मागितला.