नायक वाघमारे आणि हवा खाणारं इंजिन

ग्लेशियरवर माझी पोस्टिंग झाली तेव्हा मी हवालदार होतो. ट्रेड, व्हेईकल मेकॅनिक. काम एकच, पोस्टवरची स्नो-स्कूटर चालू ठेवणं. स्नो-स्कूटर म्हणजे बर्फावरची मोटरसायकलच म्हणा. पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा, मध्ये टू-स्ट्रोक इंजिन. मागे स्लेज जोडली की रेशन जातं, रॉकेल जातं आणि वेळ आली तर माणूसही जातो. आमची स्कूटर जुनी होती. माझ्या आधी तिने किती मेकॅनिक रडवले होते कोण जाणे. पोस्टवर दुसरी नव्हती.

ती चालवायचा नायक प्रल्हाद वाघमारे. इन्फन्ट्रीचा माणूस, परभणीकडचा. वयाने माझ्याहून लहान, पण इंजिनाच्या बाबतीत त्याचे कान माझ्याहून तिखट. रोज सकाळी जय भीम घालायचा आणि लगेच पेट्रोल गाळायला बसायचा. तिथे जेरीकॅन बर्फात पुरलेले असतात. पेट्रोलमध्ये बर्फाचे कण जातात, म्हणून ते शॅमॉय लेदरमधून, म्हणजे मऊ कातड्यातून, गाळूनच टाकीत ओतायचं. कितीही घाई असो, वाघमारे हा नेम मोडत नसे. मला तो उस्ताद म्हणायचा. माझ्या चहाला मात्र बॅटरीचं पाणी म्हणायचा.

आता मी सिंगापूरला मुलाकडे राहतो, क्वीन्सटाउनमध्ये, बाराव्या मजल्यावर. इथे बारा महिने घाम गळतो. तक्रार करायला मला तोंड नाही, कारण वर असताना याच उन्हासाठी जीव तळमळायचा. वाघमारेची मुलगी सुजाता इथल्याच एका विद्यापीठात पीएचडी करते. आमच्या दोन्ही घरांचा संबंध कधी तुटला नाही. ती इथे येणार हे ठरलं तेव्हा तिच्या आईचा मला फोन आला होता. "भावजी, पोरगी तुमच्या जिवावर पाठवतेय." तेव्हापासून तिचा रविवार आमच्याकडेच असतो.

गेल्या वर्षीची, २००८ मधली गोष्ट. एका रविवारी आम्ही दोघं पुलाउ उबीनला निघालो होतो. तिथे लाकडी बमबोटीने जावं लागतं. अर्ध्या वाटेत बोटीच्या इंजिनाने दोन उचक्या दिल्या आणि ते बंद पडलं. मी उठलोच. सवय मेल्याशिवाय जायची नाही. बोटवाल्याने मला हाताने खाली बसवलं.

"Uncle, sit lah. Old engine. Wait a while, can already."

आणि खरंच, थोड्या वेळाने इंजिन चालू झालं. मी हसलो. सुजाता हसली नाही. ती पाण्याकडे बघत बसली होती. बेटावर उतरल्यावर जेट्टीजवळच्या बाकावर बसलो, शहाळी घेतली, तेव्हा तिने विचारलं.

"काका, बाबांची गाडी अशीच बंद पडली होती का?"

"कोण म्हणालं?"

"आई. गाडी बंद पडली म्हणून तुझे बाबा गेले, असंच ती म्हणते. पुढच्या महिन्यात मी घरी जातेय. तिला काय सांगू? तुम्ही तर कधी एक शब्द बोलला नाहीत."

खरं होतं. बोललो नव्हतो. दु:खावरची खपली कशाला काढा, असं मनाशी म्हणत वर्षं गेली. पण पोरगी समोर बसून विचारत होती. मी तिला सगळं सांगितलं, रिपोर्ट देतात तसं. दुसऱ्या कुठल्या पद्धतीने मला ते सांगताच आलं नसतं.

आदल्या दिवसापासून वाघमारेला खोकला होता. सकाळी श्वास घेताना छातीतून घरघर ऐकू यायला लागली. उंचीवर फुप्फुसात पाणी साठतं, तो आजार हाच. त्यावर खरं औषध एकच, माणसाला खाली उतरवणं. नर्सिंग असिस्टंट नायरने ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिलं. खालच्या हेलिपॅडवर हेलिकॉप्टर मागवलं. दुपारी वारा सुटतो, मग हेलिकॉप्टर येत नाही. त्याआधी पोचायला हवं होतं. स्लेज हाताने ओढली असती तर संध्याकाळ झाली असती. वाघमारेला स्लीपिंग बॅगेत घालून स्लेजवर बांधलं. नायर त्याच्यापाशी बसला. स्कूटर मी घेतली.

पोस्ट दिसेनाशी झाली आणि इंजिनाने बॅकफायर केलं. बंदुकीच्या बारासारखा आवाज. मग बंद. दोरी ओढली की चालू व्हायचं, संथ चालायचं. थ्रॉटल दिला की बार आणि बंद.

रेडिओ वाजला. "ब्राव्हो, लोकेशन बताओ. ओव्हर."

"गाडी बंद है. देख रहा हूं. ओव्हर."

"हेली उड चुका है. जल्दी करो. आउट."

प्लग काढला. स्पार्क चांगला होता. प्लगचं टोक पांढरट पडलं होतं. म्हणजे इंजिनात पेट्रोल कमी जातंय किंवा हवा जास्त. आधी पेट्रोल बघितलं. कार्बोरेटरची वाटी उघडली, जेट तारेने साफ केला. एक कणसुद्धा निघाला नाही. निघणार कसा? पेट्रोल वाघमारेने गाळलेलं होतं. परत चालू केलं. थ्रॉटल, बार, बंद. माझी बोटं बधिर झाली होती. मला रडू येत होतं, हेही सांगून टाकतो.

स्लेजवरून वाघमारेने हात हलवला. मी जवळ गेलो. त्याने मास्क बाजूला केला.

"उस्ताद... हवा खातंय ते."

कार्बोरेटर आणि सिलिंडर यांना जोडणारा रबरी जोड असतो. इंजिन संथ चालवून मी त्या जोडावर थोडं पेट्रोल टाकलं. आवाज लगेच बदलला. खालच्या बाजूने जोडाला चीर गेली होती. थ्रॉटल दिला की इंजिन हलायचं, चीर उघडायची आणि फुकटची हवा आत जायची. वाघमारेचं म्हणणं बरोबर होतं.

दोष सापडला, पण वर बांधायला काही नव्हतं. त्या थंडीत टेप चिकटत नाही. टूलकिटमध्ये जुन्या ट्यूबचा तुकडा होता, तो वाळल्या भाकरीसारखा कडक झाला होता. वाकवला तर मोडला. मी तो हातात धरून नुसता उभा राहिलो.

वाघमारे सगळं बघत होता. त्याने स्लीपिंग बॅगेची चेन आतून खाली ओढली. आत हात घातला आणि छातीशी धरलेली गरम पाण्याची पिशवी बाहेर काढली. निघताना ती नायरने भरून दिली होती. आसपास मऊ राहिलेलं रबर तेवढंच होतं.

नायर ओरडला, "नहीं, वाघमारे! अंदर रखो!"

वाघमारेला बोलता येत नव्हतं. त्याने पिशवी माझ्या हातावर ठेवली आणि इंजिनाकडे बोट दाखवलं. मी पाणी ओतलं. पिशवीची पट्टी कापली, जोडावर घट्ट गुंडाळली, वरून तार आवळली. पहिल्या दोरीला इंजिन लागलं. थ्रॉटल दिला, बार झाला नाही. माझं पिसांचं डाउन जॅकेट त्याच्यावर टाकलं आणि निघालो. हेलिपॅडपर्यंत इंजिन एकदाही अडखळलं नाही.

हेलिकॉप्टर उभं होतं. वारा सुटायच्या आत उडालं. वाघमारेला उचलताना त्याने स्कूटरकडे बघितलं, मग माझ्याकडे. बेस हॉस्पिटलला उतरायच्या आधीच तो गेला. दुपारी रेडिओवर कळलं. मी स्कूटरच्या सीटवर बसून होतो. इंजिन चालूच ठेवलं होतं. बंद करायला हात होईना.

"म्हणजे गाडी बंद पडली म्हणून नाही," मी सुजाताला म्हणालो. "उशीर झाला, पण गाडी पोचली. त्यानेच पोचवली. त्याच पट्टीवर ती पुढे हिवाळाभर चालली. तसाच आजारी पडलेला एक पोरगा आम्ही तिच्यावरूनच खाली आणला. तो वाचला."

सुजाताने शहाळं खाली ठेवलं. समोरून सायकलवाले हसत-खिदळत जात होते.

"काका, ती पिशवी आईने दिली होती," ती म्हणाली. "शेवटच्या सुट्टीत. बाबांची ट्रंक घरी आली, त्यात सगळं होतं. पिशवी नव्हती. आई अजून म्हणते, मेल्या माणसाची पिशवीसुद्धा सोडली नाही कुणी."

मला हे माहीत नव्हतं. तेव्हा कळलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी परभणी गाठली असती. सुजाताने मोबाईल काढला आणि तिथेच बाकावरून घरी लावला. मी नको म्हणालो. तिने ऐकलं नाही. आईला तिने रडत रडत सगळं सांगितलं. मग फोन माझ्या हातात दिला.

"वहिनी, जय भीम."

"जय भीम, भावजी." पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. "एक विचारू? त्यांनी पिशवी दिली तेव्हा गार झाली होती का हो ती?"

हो म्हणालो असतो तर बाईचा जीव हलका झाला असता. मला ते कळत होतं. पण वाघमारेच्या बाबतीत खोटं बोलायला जीभ वळेना.

"नाही वहिनी. गरम होती. चांगली गरम होती."

पलीकडे वहिनींनी पदर तोंडाशी धरला असावा. आवाज दबून आला.

"थंडी सोसायची नाही हो त्यांना. लहानपणापासूनच. घरी दिवाळी झाली की दोन गोधड्या लागायच्या. म्हणून तर घेऊन दिली होती."

मी फोन सुजाताकडे दिला आणि उठून जेट्टीच्या टोकाला गेलो. पोस्टवर ऊब द्यायला आमची एकच बुखारी होती, रॉकेलची शेगडी. तिच्यापाशी कोण झोपणार यावरून रोज भांडणं व्हायची. नायक प्रल्हाद वाघमारे सगळ्यांत लांब, दाराशी झोपायचा. आम्हाला वाटायचं, त्याला थंडी वाजतच नाही.