दोनशे दिवसांची पाटी

शालिकराम नाकाडे आमच्या वृद्धाश्रमाचे व्यवस्थापक होऊन आले, तेव्हा मी मनात म्हटलं, झालं, आता आमची जेवणंही भोंग्यावर होणार. वैशाली नगरातल्या या घरात आम्ही बावीस म्हातारे. बहुतेकांची हयात पोलादाच्या प्लांटच्या क्वार्टरांत गेलेली. नाकाडेही प्लांटमधूनच निवृत्त झालेले फोरमन. भंडाऱ्याकडच्या शेतकरी घरातला माणूस, चौतीस वर्षं भट्टीजवळ उभा राहिलेला. आणि मी साधना, सेक्टर सहामधल्या शाळेतली जुनी मास्तरीण. माणसं तपासायची माझी खोड काही जात नाही.

पण माणूस सोन्यासारखा निघाला. पहिल्याच महिन्यात त्यांनी न्हाणीघरात धरायला दांडे बसवले. आयांच्या तीन पाळ्या लावल्या. पाळी बदलताना जाणारीने येणारीला प्रत्येक खाटेपाशी नेऊन सांगायचं, यांनी गोळी घेतली, यांनी जेवण टाकलं. पूर्वी हाका मारून आमचा घसा बसायचा तरी कुणी फिरकत नसे. आता घंटी वाजवली की कुणी ना कुणी येई. नावं ठेवायला त्यांनी जागाच ठेवली नाही, आणि खरं सांगते, मला ते जरा खुपलंच.

मग त्यांनी दारात पाटी लावली, प्लांटमध्ये असते तशी. ‘अपघाताविना दिवस’ आणि पुढे खडूने आकडा. कुणी पडलं, भाजलं, की आकडा पुसून शून्य. रोज सकाळी ते स्वतः आकडा वाढवत आणि दोन पावलं मागे सरून बघत उभे राहत. शंभर झाले तेव्हा जेवणात खीर होती. दीडशेनंतर तर आम्हीच एकमेकांना दटावू लागलो, “जपून चाला हो, साहेबांचा आकडा जाईल!” त्यात आम्हाला गंमत वाटत होती.

राधाबाईंची खाट माझ्या शेजारी. वय ऐंशी, मूलबाळ नाही, नवरा प्लांटमध्ये खलाशी, म्हणजे अवजड सामान हलवणारा मजूर होता, तो जाऊन बरीच वर्षं झालेली. नाकाडे त्यांना मावशी म्हणत आणि रोज दुपारी दहा मिनिटं त्यांच्याजवळ येऊन बसत. त्या दहा मिनिटांवर राधाबाई उरलेला दिवस काढायच्या.

एकशे सत्त्याण्णवाव्या दिवशी नाकाडे ट्रस्टच्या बैठकीला गेले होते. राधाबाई घंटी न वाजवता एकट्याच न्हाणीत गेल्या आणि पडल्या. मी आणि नीतू धावलो. नीतू म्हणजे दुपारपाळीची आया, कुम्हारीहून बसने येणारी. तिने त्यांना उचलून खाटेवर आणलं आणि स्वतःच रडायला लागली.

“मी नाकाडे सरले फोन लावते ना, आजी.”

राधाबाईंनी तिचा हात घट्ट धरला. “सांगू नोको वो माय. पाटी शून्यावर आली का ज्याची शिफ्ट त्याचीच इन्क्वायरी होते. माहा बुढा सांगत जाय. तुही नौकरी जाईन. अन् शालिकच्या दोनशेले तीनच दिवस राह्यले.”

“पण आजी, दर्द हो रहा है ना?”

“मुका मार हाये. जाते.”

मग दोघींनी माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलतात म्हणून जन्मभर पोरांच्या हातावर पट्ट्या मारल्या मी. “तीनच दिवस आहेत,” मी म्हटलं. हे शब्द माझे आहेत, ते मी कुणावर ढकलणार नाही.

पाळी बदलताना नीतूने सांगितलं, आजींना कणकण आहे, झोपू द्या. नाकाडेंनाही तेच सांगितलं. आम्ही दोघी लपूनछपून तेल लावत होतो, शेकत होतो. राधाबाई दातांत पदर धरून पडून राहायच्या, आणि नाकाडे आले की हसायच्या.

दोनशेव्या दिवशी ट्रस्टचे लोक आले, हार झाले, फोटो झाले. ते उरकून नाकाडे हातात लाडू घेऊन आमच्या खोलीत आले. “मावशी, दोनशे! पयला लाडू तुमाले.” त्यांचा मान राखायला राधाबाई उठायला गेल्या. पाय जमिनीला टेकला आणि अशी किंकाळी फुटली की लाडू नाकाडेंच्या हातून खाली पडला.

खुब्याचं हाड मोडलं होतं. लगेच आणायला हवं होतं, एवढंच डॉक्टर म्हणाले. हॉस्पिटलात मी उशाशी बसले असताना नाकाडेंनी विचारलं, “मावशी, मले कावून नाही सांगितलं?”

“तू किती खुश होता रे, बाबू,” राधाबाई म्हणाल्या.

नवव्या दिवशी त्या गेल्या.

ट्रस्टने नीतूला काढायचं ठरवलं. बैठक आमच्याच जेवणघरात होती, सगळं ऐकू येत होतं. “तिले काढायचं असन तं पयले मले काढा,” नाकाडे म्हणाले. “माह्याजवळ येऊन खरं सांगाची तिले भीती वाटली. ते भेव मी घातलं.” नीतू राहिली. पाटी त्यांनी त्याच दिवशी उतरवून टाकली.

आता ते रोज सकाळी एकेका खाटेवर येऊन बसतात. “पडल्या का कुठं? दुखते का काही? मी रागावत नाही, सांगा.” शर्ट अंगावर लोंबतो, डोळे खोल गेलेत. पूर्वी आम्ही आकड्याला जपत होतो, आता या माणसाला जपतो. त्यांच्यापुढे दुखणं सांगायला कुणाची जीभच उचलत नाही.

माझ्या छातीत मंगळवारपासून कळ येते आणि डाव्या हातात उतरते. आज ते माझ्याजवळ बसले. “बाई, तब्येत कशी हाये तुमची?”

“अगदी मजेत,” मी म्हटलं.

“बरं झालं बाप्पा,” म्हणत ते उठले आणि पुढच्या खाटेकडे गेले.