मॅनेज होतंय

इंग्रजीतलं 'मॅनेज' हे क्रियापद आमच्या घरात कधी शिरलं ते मला सांगता येणार नाही, पण शिरल्यावर त्यानं पाय पसरले हे खरं. भागवणं, निभावणं, सांभाळणं, जमवून घेणं, वेळ मारून नेणं, इतकी धडधाकट मराठी क्रियापदं असताना आम्ही ती सगळी मोडीत काढली आणि त्यांच्या जागी हे एकच आणून बसवलं. पुण्याच्या घरी अवेळी पाहुणे आले की आई आमटीत पाणी वाढवायची आणि म्हणायची, "होतंय मॅनेज." एखाद्या कंत्राटदारानं कुणाला पैसे चारल्याची बातमी आली की बाबा पेपर खाली ठेवून म्हणायचे, "मॅनेज केला त्याला." आईचं मॅनेज आणि बाबांचं मॅनेज यांत आम्हा भावंडांची कधी गल्लत झाली नाही.

शाळेत इंग्रजीच्या बाईंनी सांगितलं होतं, की बस 'पकडली' आणि बस पकडायला 'मॅनेज केलं' यांत फरक आहे. दुसऱ्यात धावपळ झाली, धाप लागली, हे ऐकणाऱ्याला कळतं. इंग्रज माणूस हे क्रियापद वापरतो तेव्हा झालेली दमछाक सांगून टाकतो. आम्ही वापरतो ते ती लपवायला. हा फरक बाईंनी सांगितला नव्हता, तो मला फार उशिरा समजला.

सिंगापूरला चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेच्या ऑफिसात मी सॉफ्टवेअर तपासणाऱ्या टीमची मॅनेजर होते. तिथं माणसं, धोके, वेळ, अपेक्षा, सगळंच मॅनेज करायचं असे. दुपारी हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखालच्या खाण्याच्या स्टॉलांच्या बाजारात, मी दोन हातांत दोन ट्रे घेऊन निघाले, की टेबलं पुसणारी आंटी विचारायची, "कॅन मॅनेज ऑर नॉट?" तिला सरळ 'नॉट' म्हटलेलं चालायचं. म्हटलं की ती एक ट्रे उचलून घ्यायची, चेहऱ्यावर काही न दाखवता. आमच्याकडे या प्रश्नाला 'नाही' असं उत्तर कुणी दिल्याचं मला आठवत नाही.

मग एका मार्चमध्ये आमची अख्खी टीम दुसऱ्या देशात हलवायचं ठरलं. साहेबांनी मला काचेच्या छोट्या खोलीत बोलावलं, पाण्याची बाटली पुढे सरकवली आणि म्हणाले, "वुई विल मॅनेज धिस टुगेदर." टुगेदर म्हणजे माझी नोकरी जायची आणि ते राहणार. मी मान डोलावली. संध्याकाळी एमआरटीनं, म्हणजे तिथल्या मेट्रोनं, घराजवळ बिशानला उतरले, भेंडी घेतली, घरी येऊन पोळ्या केल्या. रडू येईल म्हणून मी वाट पाहत होते, पण काही आलं नाही. दात काढण्याआधी हिरडीत सुई देतात आणि मग गाल आपला राहत नाही, तसं अंगभर झालं होतं.

पोटापाण्याचा प्रश्न नव्हता. नवऱ्याची नोकरी चालू होती, आम्ही सगळे पर्मनंट रेसिडेंट झालो होतो. प्रश्न पुण्याचा होता. बाबा टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले, आई गेल्यापासून धाकट्या भावाकडे राहत होते. मुलगी सिंगापूरला मॅनेजर आहे हे त्यांनी सोसायटीच्या वॉचमनपासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांना ऐकवून झालं होतं. त्यात त्यांचं ब्लडप्रेशर. दुसरी नोकरी लागली की सांगू, मधलं काही कळायचं कारण नाही, असं मी ठरवून टाकलं. नवरा म्हणाला, तुझे वडील, तू बघ.

लेक तेव्हा सेकंडरी शाळेत होती. ती म्हणाली, "आई, जस्ट टेल देम लाह. वाय सो लाइक धॅट?"

मी तिला झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणजे काय ते समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सव्वा म्हणजे हाऊ मच?" विषय तिथंच संपला.

व्हॉट्सॲप नुकतंच घरोघरी पोचलं होतं, त्यामुळे भावाचा फोन कधीही यायचा. मी बहुतेक वेळा आमच्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत बाकावर बसलेली असायचे. शेजारच्या टेबलावर म्हातारे चिनी आजोबा बुद्धिबळासारखा काहीतरी खेळ मांडून बसलेले असत. मी आवाज खाली आणून सांगायचे, "अरे, मीटिंगमध्ये आहे, पटकन बोल."

"काही नाही ताई, सहज," तो म्हणायचा. "मीपण सोसायटीच्या मीटिंगलाच बसलोय."

"बाबा?"

"एकदम मजेत. तू काय म्हणतेस?"

"चाललंय. मॅनेज होतंय."

"इथंही होतंय मॅनेज."

एप्रिलपासून बाबा फोनवर येईनासे झाले. कधी झोपलेले असायचे, कधी अंघोळीला गेलेले. एकदा भाऊ म्हणाला, देवळात गेलेत. बाबांनी आयुष्यात देवळाची पायरी चढली नव्हती. देवाला आपला नंबर लागत नाही, असं टेलिफोनवाल्यांच्या थाटात सांगायचे. पण मी तेव्हा भावाला काही विचारलं नाही, कारण मला हायसं वाटलं होतं. बाबांनी नुसतं 'काय गं, आवाज असा का?' म्हटलं असतं तर माझं सोंग टिकलं नसतं. ते देवळात गेले तर बरंच झालं, असं मला वाटलं.

दिवस जात होते. मी बिशानच्या लायब्ररीत जाऊन बसायचे, एसीत, नोकरीचे अर्ज भरत, नाहीतर नुसतीच. दुःख म्हणावं असं काही नव्हतं. पुस्तक उघडलं की त्याच पानावर दुपार व्हायची. एवढा मोकळा वेळ मला कॉलेज संपल्यापासून मिळाला नव्हता आणि त्याचं काय करायचं हे मला कळत नव्हतं.

जूनमध्ये एका सकाळी भावाचा फोन आला. या खेपेला त्यानं मीटिंग आहे का विचारलं नाही. "ताई, बाबा जरा सिरियस आहेत. निघतेस का?"

आमच्याकडे परदेशातल्या माणसाला कुणी 'गेले' असं फोनवर सांगत नाही. तो विमानात बसून घरी पोचेपर्यंत गेलेल्या माणसाला सिरियस ठेवतात. नवऱ्याच्या काकांच्या वेळी मी स्वतः त्यांच्या परदेशातल्या मुलाला असाच फोन केला होता. त्यामुळे मला ते लगेच कळलं, आणि मला कळलंय हे भावालाही कळलं. तरीही मी विचारलं, "कुठल्या हॉस्पिटलमध्ये?" आणि त्यानं नाव सांगितलं.

विमानात मी जेवण पूर्ण संपवलं. बाजूच्या बाईनं तिची खिडकीची जागा देऊ केली, ती घेतली. मुंबईहून टॅक्सीनं पुण्याला पोचले तेव्हा सगळे माझ्यासाठी थांबलेले होते. बाबांना खाली पार्किंगमध्ये आणून ठेवलं होतं. ते फार वाळले होते. एवढं वाळायला एक-दोन दिवस पुरत नाहीत, हे मला कळलं, पण डोक्यात ते कुठं टेकेना. मी पाया पडले आणि बाजूला उभी राहिले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "रड गं बाई, रड," तेव्हा मला त्यांचा रागच आला.

तिसऱ्या दिवशी अस्थी सावडून आल्यावर भाऊ आणि मी गॅलरीत बसलो होतो. भावजयीनं चहा आणून दिला आणि ती आत गेली. तेव्हा त्यानं सांगितलं. बाबांना एप्रिलमध्ये न्यूमोनिया झाला, मग किडन्यांचं सुरू झालं. दोनदा आयसीयू. घरी आणायचं, परत न्यायचं. तो ऑफिस करून हॉस्पिटलात झोपायचा. सोसायटीची मीटिंग म्हणजे आयसीयूबाहेरचं बाकडं होतं.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं. आवाज माझा नव्हताच.

"बाबांनी शपथ घातली होती. म्हणाले, तिच्या डोक्यावर एवढ्या माणसांची जबाबदारी, ती तिथून धावत येणार आणि नोकरी घालवून बसणार." त्यानं चहाचा घोट घेतला. "आता ऑफिसला काय सांगितलंस? दहाव्यापर्यंत राहता येईल ना?"

"ऑफिस नाहीये," मी म्हटलं. "मार्चमध्येच गेली नोकरी."

खाली कुणीतरी स्कूटर किकनं सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती.

"म्हणजे बाबांना ॲडमिट केलं तेव्हा तू घरीच होतीस?"

"हो."

"आणि नंतर? पूर्ण वेळ?"

"हो."

मला वाटलं तो ओरडेल. ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यानं कप खाली ठेवला आणि तोंडावर हात धरला. "मला एकट्याला झेपत नव्हतं गं, ताई," तो म्हणाला आणि रडायला लागला. चाळिशीला आलेला माणूस, हॉस्पिटलात कुणी बघेल म्हणून इतके दिवस धरून ठेवलेलं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. हात माझा होता, पण पाठीची ऊब काही मला लागेना.

बऱ्याच वेळानं त्यानं शर्टाच्या बाहीला डोळे पुसले. मग म्हणाला, शपथ घालून झाल्यावरसुद्धा बाबांनी एकदा माझ्याबद्दल विचारलं होतं. दुसऱ्यांदा आयसीयूत नेलं त्याच्या आदल्या दुपारी.

"काय विचारलं?"

"म्हणाले, चार दिवस येईल का रे ती?"

"मग?"

"मी म्हटलं, तिला सुट्टी मिळणार नाही, बाबा."

मी विचारलं, त्यावर बाबा काय म्हणाले.

"काही नाही," भाऊ म्हणाला. "बरं म्हणाले."