अकरावं भोक

आमच्या घराच्या पश्चिमेकडच्या भिंतीला, जमिनीपासून वीतभर वर, अंगठा जाईल एवढी अकरा भोकं आहेत. नवा माणूस आला की विचारतो, हे काम अर्धवट राहिलं का? पूर्वी हा प्रश्न ऐकला की माझं डोकं फिरायचं. आता मी म्हणतो, राहू द्या. पण ज्याने ती ठेवली त्याच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो.

मी शेळ्यामेंढ्यांच्या दलालीतून वर आलो. आधी लोकांची जनावरं हाकत पायी कळमनुरीच्या बाजाराला जायचो. मग रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायला शिकलो, आणि जवळा बाजार गावात स्वतःची जागा घेतली. घर बांधायच्या वेळी एक जुनं गोदाम पाडत होते. त्याचा काळा दगड मी पडत्या भावात उचलला. सगळं घर होईल एवढा तो नव्हता. पश्चिमेची एक भिंत होत होती, तीही जाडीला कमी पडत होती.

डोंगरकडा गावचा एक म्हातारा मिस्त्री मिळाला. बोलायला कमी, हाताला चोख. तो म्हणाला, "बाहेरून दगडाची भिंत घालू, आतून इटाची. मधी चार बोटं जागा ठेवतो."

"जागा कशाला?"

"राहू द्या."

आतली इटाची भिंत उरकून दगडाचे शेवटचे थर चढत होते, तेव्हा बुडातली भोकं माझ्या नजरेला आली. त्या दिवशी बाजारातले चार जण घर बघायला आले होते. मी त्यांच्यासमोर म्हणालो, "मिस्त्री, दगड वाचवून राहिलात का? भोकांचा भाव मी देत नसतो."

लोक हसले. त्याने थापी भिंतीवर ठेवली, हात धुतले, डोक्याला रुमाल बांधला आणि बस धरली. जाताना एवढंच म्हणाला, "ती बुजवू नका." वर स्लॅब पडायचा होता आणि आभाळ भरत आलं होतं. एका चेष्टेपायी माझं घर उघडं टाकून गेला तो. दुसरा गवंडी लावून, ताडपत्र्या बांधून मी काम उरकलं. थापी आणून द्या म्हणून त्याने दोनदा निरोप धाडला. मी सांगितलं, स्वतः येऊन ने. तो आला नाही.

घर झाल्यावरच्या दुसऱ्या श्रावणात माझी बायको मागे धुणं धुवायला गेली आणि तशीच परत आली. भिंतीतल्या एका भोकातून सापाची कात लोंबत होती. कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, हातभर बाहेर, बाकीची आत. वारा नसताना ती हलत होती. नागपंचमी परवावर आली होती. त्या दिवशी आमच्याकडे खणत नाहीत, चिरत नाहीत, ठोकत नाहीत. म्हणून मी तेव्हाच सिमेंट कालवलं आणि त्याच मिस्त्रीच्या थापीने भोकं बुजवून टाकली.

बायको मागे उभी होती. "अवो, ते आत असलं तर?"

"आत भाडं भरून राहिलंय का?" मी म्हणालो.

ती हसली नाही. नागपंचमीला तिने दूध आणि लाह्या वारुळाकडे नेल्या नाहीत. बुजवलेल्या भिंतीपुढे ठेवल्या. त्यावर आम्ही दोघं कधी बोललो नाही, आणि ते आमच्यात राहिलं.

ओल पावसाळ्यात आली असती तर कुणी लक्ष दिलं नसतं. ती आली दिवाळीनंतर, कापूस वेचणीच्या दिवसांत, जेव्हा अंगणातली धूळसुद्धा वाळून हलकी झालेली असते. लेकीच्या खोलीत, पश्चिमेच्या भिंतीच्या कोपऱ्यात, मनगटाएवढी एक तपकिरी रेघ जमिनीतून निघून घोट्यापर्यंत चढली आणि थांबली. पुढच्या वर्षी ती गुडघ्यापर्यंत गेली आणि तिथून वळली. त्यानंतरच्या वर्षी, लेकीचं लग्न होऊन ती सासरी गेल्यावर, ती छातीपर्यंत आली. एक वेटोळं घेऊन. कडेने लोणा, म्हणजे मिठासारखा खार, फुटला होता, पांढरा, खवल्याखवल्यांचा, उन्हाची तिरीप पडली की चमकणारा.

आणि दुपारी आवाज यायचा. बाजाराचा दिवस सोडला तर आमची गल्ली दुपारी रिकामी असते. निंबाखाली शेळ्या रवंथसुद्धा करत नाहीत. अशा वेळी भिंतीच्या आत टिक, टिक व्हायचं. मग काहीतरी लांबलचक सरकायचं. बायको पंखा बंद करून ऐकत बसायची. मी म्हणायचो उंदीर आहे. पण उंदीर कुरतडतो आणि दम घेतो. हे दम घेत नव्हतं. एकदा मी कान लावला. बाहेर ऊन तापलेलं, आणि भिंत विहिरीच्या तळासारखी गार. कान काढला तर ओला होता.

मी ओलीवरची पावडर आणून लावली. गिलावा खरवडून नवा केला. रंग दिला. रंगाला फोड आले, नव्या गिलाव्यावर टिचकी मारली की रिकाम्या मडक्यासारखा वाजायचा, आणि महिन्याभरात तेच वेटोळं त्याच जागी उमटलं. दोन बोटं वर.

त्याच हिवाळ्यात लेकीला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, यात विचारायचं काही नसतं. तिला कधी धाडायची ते ठरवायला विहीणबाई स्वतः आल्या. खोली बघतो म्हणाल्या. भिंतीपुढे उभ्या राहिल्या, तळवा टेकवला, मग त्याचा वास घेतला.

"व्याही, हे काय हाये?"

"ओल हाय."

"दिवाळी उलटल्यावर ओल?"

मी काही बोलायच्या आत माझ्या बायकोला रडू फुटलं. कात, सिमेंट, दूध, सगळं तिने सांगून टाकलं. विहीणबाईंनी आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "लेकरू पोटात हाये. अशा घरी मी सून धाडत न्हाई. भिंत कोरडी करा, मंग बोलू."

रात्रीचं जेवण न करताच त्या गेल्या. लेकीचा फोन आला. "बाबा, मला तिथंच यायचंय. काहीतरी करा ना." आयुष्यात मी हजार सौदे केले. हा एकच असा होता की समोर कुणी बसलेलं नव्हतं.

थापी कापडात गुंडाळून मी डोंगरकड्याला गेलो. मिस्त्री ओट्यावर बसला होता. एका डोळ्यात फूल पडलं होतं.

"या शेठ. थापी द्यायला आलात का भाव करायला?"

"भिंतीला ओल आली."

"बुजवली म्हना की."

मी त्याला भोकांचं काही सांगितलं नव्हतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. "तुमी तवाच सांगायचं न्हाई का, कशाला हायत ते? तोंडात गूळ धरला होता का?"

"सांगितलं असतं तर तुमी त्याचाबी भाव केला असता."

दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं तर मी उठलो असतो. लेकीचा आवाज कानात होता, म्हणून बसून राहिलो. खांद्यावरचा रुमाल काढला, बाजारात पसरतो तसा आमच्या दोघांच्या हातांवर पसरला आणि म्हणालो, "बोला तुमचं." त्याने हात खाली घातला. तो कोणतं बोट दाबतो याची मी वाट बघत राहिलो. त्याने एकही दाबलं नाही. माझा तळवा उलटा करून अंगठ्याने चाचपला, मेंढरासारखा.

"मऊ पडला," तो म्हणाला. "उद्या येतो. फोडायचं तुमी."

दुसऱ्या दिवशी तो सकाळच्या बसने आला. हातोड्याच्या दांड्याने भिंत वाजवत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला. लेकीच्या खोलीकडच्या टोकाला आवाज भरीव आणि बद्द येत होता. मग तो बसला आणि पहिल्यांदाच सगळं सांगितलं. वारं पश्चिमेचं, पाऊस तिरपा. पाणी दगडाच्या सांध्यांतून आत येणारच, ते कुणाला अडवता येत नाही. आत आलं की मधल्या जागेतून खाली पडतं आणि भोकांतून निघून जातं. जागेच्या तळाला त्याने उतार दिला होता, लेकीच्या खोलीकडे. "मी भिंत बांधली," तो म्हणाला. "तुमी तिचा हौद केला."

मी छन्नी घेऊन उकिडवा बसलो. उताराच्या टोकाचं पहिलं भोक फुटलं आणि काळं पाणी माझ्या मांडीवर आलं. बर्फासारखं. त्याला मागच्या कितीतरी पावसांचा वास होता. ते धार धरून वाहत राहिलं, अंगण ओलांडून गल्लीत गेलं. शेजारच्या शेळ्या प्यायला आल्या, हुंगलं आणि मागे सरल्या. बायको दूर उभी होती. ती पाण्याकडे बघत नव्हती. प्रत्येक भोकातून काय पडतं ते बघत होती. चिखल पडला. गोमा पडल्या. कुजून पानासारखे झालेले कातीचे तुकडे पडले. प्रत्येक तुकड्याला तिचे हात जोडले जात होते. तिच्या मनात काय होतं ते मला माहीत होतं, कारण तेच माझ्याही मनात होतं. पुढचं भोक फोडलं की हाडं पडतील.

दहावं फोडलं. कोरडं. मी छन्नी टाकली. "झालं."

"अकरा ठेवली होती," मिस्त्री म्हणाला.

मी बुजवताना मोजली नव्हती. धुण्याचा दगड तेव्हाही आणि आताही भिंतीला टेकून उभा होता, तो आम्ही दोघांनी ढकलला. त्याच्यामागे अकरावं भोक उघडं होतं. मी ते कधी बुजवलंच नव्हतं. ते उताराच्या वरच्या टोकाला, म्हणून त्यातून पाणी निघालं नाही. पण त्याची खालची कड दोराने विहिरीचा काठ झिजावा तशी झिजून गुळगुळीत झाली होती. काळ्या दगडावर तेलकट चमक होती. आणि आत कात होती. ओली, मऊ, ताजी.

बायको तिथेच मातीत बसली. "कोंडलं न्हाई," ती म्हणाली. "माय, कोंडलं न्हाई." भोकं बुजवल्यापासून पहिल्यांदाच मी तिला सुटकेने रडताना बघितलं.

मी मात्र हातभर मागे सरलो. इतकी वर्षं ते जाऊन-येऊन होतं. माझ्या लेकीच्या उशापासून एका विटेवर.

"हे आता बुजवून टाकू," मी म्हणालो.

"बुजवा. पन आत हाय का भाईर, ते कोन बघनार?"

मी विचारलं, "घरात यील का?"

"इटाची भिंत मी घातली हाय. सांध्यात सुई जानार न्हाई. आतून गिलावा काढा, उन्हाळाभर इटा उघड्या ठेवा. पटत असंल तर रहा, न्हाई तर पाडा." त्याने थापी माझ्या हातातून घेतली, धोतराला पुसली आणि चहा न घेता गेला. मजुरीचं विचारायलाही मला सवड दिली नाही. याचाही मला राग आहे.

पाणी तीन दिवस गळत होतं. वेटोळं वरून वाळत खाली आलं आणि मागे पांढरी कड ठेवून गेलं. दीड महिन्याने विहीणबाई आल्या, उघड्या विटांवर तळवा टेकवला, आणि लेकीची पिशवी आत ठेवली. अकराव्या भोकाचं आम्ही त्यांना सांगितलं नाही. लेकीलाही नाही.

नात झाली. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा मी पलंग समोरच्या भिंतीला लावून ठेवला होता. लेकीने तो परत पश्चिमेकडे ओढला. म्हणाली, इकडे गार लागतं. टिकटिक थांबली आहे. आत पाणीच नाही. दुसरा आवाज मात्र थांबलेला नाही. भर दुपारी तो एकदा जातो, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश. लेकरू रडत असलं तर गप होतं आणि भिंतीकडे तोंड फिरवतं.

"बाबा, बघा ना, काय ऐकून राहिली ही?" लेक हसून विचारते.

"वारं हाय," मी म्हणतो.

त्या दोघी झोपल्या की मी बायकोची शिवायची सुई घेतो आणि जमिनीपासून सुरुवात करून एकेका विटेचा सांधा चाचपत जातो. रोज. अजून कुठेही सुई गेलेली नाही. हे मी त्या म्हाताऱ्याला कधी सांगणार नाही.