जावातल्या म्हातारीचा होकार

जपान्यांशी लढाई संपल्यावर आमची पलटण जावा बेटावर होती. समारंगजवळच्या एका खेड्यात एका म्हातारीच्या ओसरीत वस्त्र वाळत होतं. मेण लावून रंगवलेलं, तपकिरी नक्षीचं. मला ते घरी न्यावंसं वाटलं. बिस्किटांचा डबा पुढे करून मी खुणेनं विचारलं. तिनं दोन्ही हात पोटाशी जुळवले, मान खाली घातली आणि हळूच म्हणाली, "इंग्गिह." तिथल्या भाषेत त्याचा अर्थ हो, एवढं मला ठाऊक होतं. मी वस्त्र उचललं. डब्याला तिनं हात लावला नाही.

वाटेत एका सिंधी दुकानदारानं ते पाहिलं. "हे तिनं दिलं? असं वस्त्र घरातल्या मेलेल्या माणसावर पांघरतात. मग जपून ठेवतात."

"हो म्हणाली ती."

"मोठ्याशी बोलायचे शब्दच वेगळे आहेत त्यांचे. इंग्गिह म्हणजे ऐकलं, इतकंच. बंदूकवाल्याला ती नाही कशी म्हणेल?"

आम्ही अजून दोन दिवस तिथं होतो. मी परत गेलो नाही.

खरं तर हे मला कुणी समजावायला नको होतं. आमच्या मोताळ्याकडे मोठ्यानं काही विचारलं की सून सासऱ्याला, सालदार मालकाला 'जी'च म्हणतात. माझी आई जन्मभर 'जी' म्हणत आली.

घरी आलो तेव्हा मुलगी सातवी पास झाली होती. मास्तरीण व्हायला बुलढाण्याला शिकायचं म्हणत होती, असं बायकोनं सांगितलं. पण वडनेरचं स्थळ आलं होतं, जमीन चांगली होती. मी मुलीला विचारलं, "पसंत हाये ना तुले?"

"जी."

चुलीजवळून बायको म्हणाली, "अवो, पलटनीत हुकूम सोडल्यावानी इचारता. जी नाही तं काय म्हनीन पोरगी?"

मी हसलो, आणि लग्न लावून दिलं. ते वस्त्रही तिच्या पेटीत घातलं. कुणाचं, कसलं, ते सांगितलं नाही.

परवा वडनेरला गेलो होतो. ती आपल्या मुलीचा हात धरून पाटीवर अक्षरं गिरवून घेत होती. जावातलं वस्त्र धान्याच्या कणगीवर झाकलेलं. इतक्या वर्षांनी मी विचारलं, "बाई, तवा तू जी म्हनली, थे मनातून होतं काय वं?"

तिनं पाटी बाजूला ठेवली. डोक्यावरचा पदर सारखा केला.

"जी, बाबा," म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.