चंद्रीचा पान्हा

त्या दिवसांत माझी देवावरची श्रद्धा उडत चालली होती. गाव राजापूरकडे, शाळा सहावीत सुटलेली. ऐंशी-ब्याऐंशीच्या सुमारास मी आरे कॉलनीत एका मालकाच्या गोठ्यात म्हशी पिळत होतो. पहाटे ग्रामदेवीचं नाव घेऊनच कासेला हात लावायचा. पण चंद्री म्हशीचं रेडकू उपाशी मेलं, तेव्हा ते नावही तोंडातून निघेना. त्याच्या वाटचं दूध मीच तर काढलं होतं, मुकादमाच्या सांगण्यावरून.

मुकादमाने मेलेल्या रेडकाच्याच कातड्यात पेंढा भरून ते चंद्रीपुढे उभं केलं. ही गोठ्यांतली जुनी रीत. पिल्लू जवळ आहे असं वाटून म्हशीने पान्हा सोडावा म्हणून. चंद्रीने एकदा हुंगलं आणि तोंड फिरवलं. आठ दिवस थेंब नाही. मुकादम म्हणाला, "दूध नाय तर खुराक नाय. रविवारी कसायाची गाडी येतेय." आईला फसवायचं, आणि फसली नाही म्हणून कापायचं! डोकं भणभणलं. पण नोकरीच्या भीतीने गप्प राहिलो.

मुलुंडच्या मतिमंद मुलांच्या शाळेतल्या एक बाई दर बुधवारी चार मुलं घेऊन यायच्या. जनावरांपाशी मुलं कशी बदलतात याचा त्यांचा अभ्यास चालला होता. सगळं वहीत टिपायच्या. "म्हशी मास्तरणी झाल्या रे," म्हणून गोठा हसायचा. मीही हसलो होतो.

त्यांतली एक मुलगी बोलत नसे, अंगाला हात लावू देत नसे. त्या बुधवारी ती सरळ चंद्रीकडे गेली आणि मानेला कपाळ टेकून उभी राहिली. चंद्री तिचा हात चाटू लागली. मला काय सुचलं कोण जाणे, बादली घेऊन बसलो. धार वाजली.

मुकादम धावत आला. "बघ, पेंढ्यानं काम केलं ना?"

"ते कातडं दोन दिवसांपासून मागच्या कोपऱ्यात पडलंय," मी म्हणालो. "जिवंत लेकराचा हात लागला, म्हणून तिने दिलं."

बाईंनी वही पुढे केली. "मुलगी कधी जवळ गेली, धार कधी लागली, वेळेसकट लिहिलंय, मुकादम."

त्याने बादलीत डोकावून पाहिलं. "देतेय तोवर राहील," एवढंच बोलला.

पुढे रोज मी आधी तिच्या मानेवर हात ठेवायचो, मग बादली. ती देत राहिली. रविवारी गाडी आली आणि शेजारच्या गोठ्याकडे वळली. तिथल्या म्हशींसाठी आजही चीड येते. ती गाडी थांबवणं माझ्या हातात नव्हतं. बादली घेऊन बसणं तेवढं होतं. बाकीचं जिने केलं, त्या ग्रामदेवीला पुन्हा हात जोडतो.