पिठीचं कुळ

गल्लीत तिला सगळे कवळीबाई म्हणत. नावात थट्टा होती, पण तिला ती कधी टोचली नाही. एका दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागे छोटी खोली होती. तिथे बसून ती आयुष्यभर लोकांच्या कवळ्या करत आली होती. या कामाने माणसाला एक खोड लागते. समोरच्याचा चेहरा दिसायच्या आधी त्याचा जबडा दिसतो. "हा शिंप्याचा थोरला ना? बापाचा जबडा जसाच्या तसा उचललाय," असं ती भर रस्त्यात बेधडक सांगायची. बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं. निघालं नाही की कुणाच्या तरी घरात चार दिवस कुजबुज चालायची.

पिठी तिला त्या खोलीतच सापडली. प्लास्टरच्या फुटक्या पोत्यावर कुत्र्याचं पिल्लू अंगाचं मुटकुळं करून झोपलं होतं, नखशिखांत पांढरं. "भारी जातीचं दिसतंय हो," डॉक्टर म्हणाले. आंघोळ घातली तेव्हा पांढरेपण मोरीतून वाहून गेलं. खालून निघाली पट्ट्यापट्ट्यांची तपकिरी पाठ, काळं तोंड, एक उभा आणि एक पडका कान. भारी जात तिथेच संपली. कवळीबाईचा जीव जडला तो मात्र जडलाच.

तेव्हापासून पिठीचं कुळ शोधायचा नाद तिला लागला. शेजारीण म्हणाली, शेपूट कोल्ह्याची आहे. वाण्याला तिच्यात लॅब्राडोर दिसला, कारण ती काहीही खायची. दीर म्हणाला, "वहिनी, ही आपल्याच घराण्यातली. नाकावर राग बघा." कवळीबाईने कुणाचं ऐकलं नाही. मापाचा गुलाबी लगदा कालवून तिने एकदा पिठीच्या दातांचंच माप घेतलं. पिठीने निम्मा लगदा गिळला, तरी उरलेल्यात साचा उतरला. तो प्लास्टरचा जबडा ती येताजाता हातात घेऊन निरखायची. माणसांच्या बाबतीत फुशारक्या मारणाऱ्या बाईला या जबड्याचा बाप काही सापडेना.

मग डॉक्टरांनी मशीन घेतलं. मशीन म्हणे तासाभरात कवळी कापून देतं. "मावशी, खूप केलंत. आता घरी आराम करा," ते म्हणाले, आणि खोली रिकामी करून मागितली. घरी येऊन तिने नवऱ्याला सांगितलं, "सोडलं मी काम. कंटाळा आला होता." गल्लीलाही हेच सांगितलं, तेही हसून. नवरा टपाल कचेरीत पत्रं निवडून शिक्के मारायच्या कामावर होता. जास्त विचारणं त्याच्या स्वभावात नव्हतं. "बरं केलंस," तो म्हणाला.

आणि घरात पिठीचं डोकं फिरलं. दवाखान्यात ती दिवसदिवस टेबलाखाली पडून असायची. इथे तिचा पाय ठरेना. स्वयंपाकघरातून गॅलरी, गॅलरीतून दार, दारातून परत स्वयंपाकघर. टेकली की उठायची. नखांची टकटक दिवसभर चालू. जनावरांच्या डॉक्टरांनी पोट दाबलं, रक्त तपासलं. काही निघालं नाही.

"तू जरा बस ना," नवरा एकदा म्हणाला.

"मला कुठे वेळ आहे बसायला?" कवळीबाई म्हणाली. सकाळी पुसलेली फळी ती पुन्हा पुसत होती. "आणि मला काय सांगताय? तिला सांगा."

एका दुपारी टीव्हीवर मेंढ्या राखणारी कुत्री दाखवली. कळपाच्या या अंगाने जायची, त्या अंगाने यायची, क्षणभर थांबायची नाहीत. कवळीबाईने कपाटातून प्लास्टरचा जबडा काढला आणि पडद्यासमोर धरला. लांबट, अरुंद, दातावर दात कात्रीसारखा. म्हणजे हे रक्त होतं तर! माळावर धावायला जन्मलेल्या जिवाला आपण दोन खोल्यांत कोंडलं, आणि वर त्याला माया म्हणत बसलो. तिला जेवण जाईना. पिठी गेली तर आपलं काय होईल, हा विचार आला की ती हातातलं टाकून दुसरंच काहीतरी घासायला घ्यायची. शेवटी तिने एका मेंढपाळाला फोन लावला. त्याची कवळी तिनेच केली होती.

"आणा की," तो म्हणाला. "मला एक हवंच आहे. रमली तर ठेवून घेतो."

नवऱ्याला तिने सांगितलं तेव्हा तो बराच वेळ पिठीच्या पडक्या कानाशी खेळत राहिला. "तुला पटतंय ना?" एवढंच त्याने विचारलं. तिने मान हलवली. पटलं कुठे होतं?

माळावर ती पिठीला घेऊन टेम्पोतून उतरली. मेंढपाळाने कळप मोकळा सोडला. पिठीने एका मेंढीचा वास घेतला, शिंकली आणि परत आली. "होईल सवय," तो म्हणाला, आणि लगेच आपल्या दुखण्यावर आला. "बाई, खालची कवळी टोचते हो. भाकरी चावली की जीव जातो."

"दाखवा." कवळीबाई दगडावर बसली. छोटी कानस तिच्या पर्समध्ये असायचीच. दात हातात देताच म्हाताऱ्याचं निम्मं बोलणं वाऱ्यावर गेलं, पण तो बोलायचा थांबला नाही. ती घासत होती, बोटाने चाचपत होती, पुन्हा घासत होती. कवळी तोंडात बसवून त्याने दात आपटून पाहिले आणि खूश होऊन हसला, तेव्हा तिने खाली बघितलं. पिठी तिच्या पायाशी आडवी पडून घोरत होती. इतक्या महिन्यांत ती अशी झोपली नव्हती.

कवळीबाईचे डोळे भरून आले. रक्ताने आपली जागा ओळखली होती. झोपेत आहे तोवर निघावं, जागी झाली तर आपल्याच्याने निघवायचं नाही. ती हळूच उठली. पिठी ताडकन उभी राहिली. ती बसली, तशी पिठी पसरली. थोड्या वेळाने ती पुन्हा उठली, चार पावलं चालली. पिठी मागे. वळली, पिठी वळली. मेंढ्या समोर चरत होत्या. त्यांच्याकडे पिठीचं लक्षही नव्हतं. कवळीबाई दगडावर परत बसली, या खेपेला मुद्दाम, आणि पिठीने तिच्या चपलेवर हनुवटी टेकून डोळे मिटले.

घरात आपण कधी बसलो होतो, हे ती आठवू लागली. काही केल्या आठवेना. जेवायलासुद्धा ती ओट्याशी उभी राहायची.

"मग, ठेवून घेऊ?" मेंढपाळाने विचारलं.

तिने नवऱ्याला फोन लावला. पलीकडे पत्रांवर शिक्के पडत होते.

"अहो," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "मी काम सोडलं नव्हतं. मला काढलं हो. तीस वर्षं काम केलं आणि खोली झाडून घेऊन चावी ठेवून जा म्हणाले. मला लाज वाटली सांगायला. घरात बसलं की तेच डोक्यात येतं, म्हणून मी बसत नाही. हिच्या रक्तात काही नाही. ही बिचारी माझ्या मागे मागे फिरत होती."

पलीकडचे शिक्के थांबले.

"घरी या," तो म्हणाला. "दोघी या."